धाकटीची काडतुसं

कॅनडातल्या हॅमिल्टनमधली मराठी माणसं माझ्या आईला दोन गोष्टींसाठी ओळखत: तिच्या पुरणपोळ्यांसाठी आणि तिच्या बंदुकांसाठी. पुरणपोळ्यांची मला कधी लाज वाटली नाही. या प्रकरणात लिहायचं आहे ते बंदुकांबद्दल, आणि ते मी इतके दिवस टाळते आहे की परवा माझ्या मुलीनं विचारलं, "मॉम, आर यू स्टिल स्टक ऑन दॅट वन चॅप्टर?" अडकलेच होते. बाबांच्या नोकरीवर, आमच्या पहिल्या हिवाळ्यावर, शाळेतल्या डब्यावर लिहून झालं. सगळं सरसर झालं. इथे मात्र पहिलं वाक्य लिहायचं आणि उठून भांडी घासायची, असं चाललं होतं.

आई कोल्हापूरच्या एका सराफाची मुलगी. कॉलेजात एनसीसीमध्ये तिला नेमबाजीचा नाद लागला. तिथे दिवसाला मोजून पाच गोळ्या मिळायच्या, त्यामुळे एकही वाया घालवायची नाही ही सवय तिच्या हाडीमाशी खिळली होती. मग लग्न झालं, बाबांना इथल्या पोलादाच्या कारखान्यात लॅबमध्ये काम मिळालं, आणि आई वरणभात, बर्फ आणि मी यांच्यात अडकून पडली. बाबांच्या एका सहकाऱ्यानं एकदा सहज म्हणून दोघांना शहराबाहेरच्या रायफल क्लबवर नेलं. आईनं पदर खोचला, चटईवर पालथी पडली आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं एका रुपयाखाली झाकली गेली असती. बाबा पुढे जन्मभर सांगत, "त्या दिवसापासून मी आमटीत मीठ कमी आहे असं म्हटलेलं नाही."

तिला नव्या बंदुकांचं आकर्षण नव्हतं. जुन्या लष्करी रायफली, त्यातही सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप ओढला की एक गोळी सुटते आणि रिकामं काडतूस बाहेर फेकून पुढची आपोआप आत येते, त्या तिला आवडत. दर वेळी खटका मागेपुढे करायचा नाही, हे यंत्र माणसानं कसं बसवलं असेल, याचं सोनाराच्या मुलीला कौतुक. बेसमेंटमधल्या कुलपाच्या कपाटात तिच्या तीन होत्या. एक स्वीडनची, एक बेल्जियमची आणि एक फ्रान्सची. आई त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायची. "आज थोरलीला तेलपाणी करायचंय," असं ती म्हणाली की घरात आलेल्या पाहुण्याला वाटे, या बाईंना मुली तरी किती? मी एकुलती एक. मला त्या तिघींचा मत्सर वाटायचा हे आज कबूल करायला हरकत नाही.

रविवार सकाळ म्हणजे आमच्याकडे रेंज. आई पहाटे उठून थालीपीठं लावायची, फॉइलमध्ये गुंडाळायची, चहाचा थर्मास भरायची. गाडीत मागे माझ्या मांडीवर थालीपीठांचा डबा आणि पायाशी बंदुकीच्या तेलाची बाटली, त्यामुळे आजही खमंग भाजणीचा वास आला की मला मागोमाग तेलाचा वास येईल असं वाटतं. परत आल्यावर आई बेसमेंटच्या मोरीशी उभी राहून बंदुकीच्या नळीत उकळतं पाणी ओतायची. जुन्या काडतुसांच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीत मिठासारखा काही क्षार असतो, तो धुतला नाही तर रात्रीत गंज धरतो. त्यासाठी तिची वेगळी किटली होती. एकदा बाबांनी चुकून त्याच किटलीत चहा केला आणि दोन घोट पिऊन म्हणाले, "आज आलं जास्त पडलंय का?"

लिहिताना हे सगळं गोड वाटतंय. तेव्हा तसं वाटत नव्हतं. आई रेंजवर साडीतच जायची. साडीखाली बाबांची कारखान्यातली जुनी विजार, वरून त्यांचंच जाकीट, पायात रबरी बूट. एवढ्यावर भागलं असतं. पण सेमी-ऑटोमॅटिक बंदूक रिकामी काडतुसं उजवीकडे लांब गवतात भिरकावते, आणि थोरलीची नि मधलीची काडतुसं आई पुन्हा भरून वापरायची, म्हणून एकही हरवलेलं तिला खपत नसे. तिनं बाबांकडून लाकडी चौकट करून घेतली होती आणि तिच्यावर स्वतःचं एक जुनं पातळ ताणून बसवलं होतं. मोरपंखी रंगाचं, मोठ्या फुलांचं. सगळे पुरुष हिरव्या-तपकिरी कपड्यांत पालथे पडलेले आणि मध्ये हा आमचा मोरपंखी पडदा. काडतूस त्यावर आपटून टपकन खाली पडायचं, आई समाधानानं मान हलवायची. माझ्या वर्गातली एक मुलगी कधीतरी वडिलांबरोबर तिथे आली होती. दुसऱ्या दिवशी कॅफेटेरियात तिनं त्या पडद्याचं वर्णन केलं. ती वाईट मुलगी नव्हती, हसतही नव्हती. बाकीच्या हसल्या. त्यानंतर मी रेंजवर जाणं बंद केलं. अभ्यास आहे, पोट दुखतंय, काहीही सांगायची.

धाकटीची गोष्ट वेगळी होती. तिची काडतुसं दुसऱ्या कुठल्याच बंदुकीची चालत नसत, पुन्हा भरता येत नसत, आणि कॅनडात ती जवळपास नव्हतीच. फ्रेंच सैन्यातून आलेली कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या गराजमध्ये उरलेली, तेवढीच. आईनं दोन वर्षं ती गोळा केली. एका चर्चच्या हॉलमधल्या प्रदर्शनात चार, कुणा विधवा बाईच्या तळघरात पाच, असं करत करत. सगळ्यात जास्त मिळाली ती फ्रेंच बोलणाऱ्या भागातल्या लव्हालच्या मस्यू आर्मान यांच्याकडून. हे ट्रामचे मेकॅनिक, तेव्हा निवृत्त झालेले, धाकटीसारखीच बंदूक त्यांच्याकडेही होती. आईनं डिक्शनरी घेऊन त्यांना फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं होतं. त्यात कायकाय चुका होत्या देव जाणे, पण त्यांनी उलट टपाली घरी बोलावलं. सहा तास गाडी चालवून आम्ही गेलो. आईनं चकल्यांचा डबा पुढे केला, त्यांनी लोकरी मोज्यात गुंडाळलेली काडतुसं टेबलावर ओतली. एकवीस आईकडे सरकवली, सहा स्वतःपाशी ठेवली. "मादाम," ते म्हणाले, "आफ्टर दीज, फिनी."

अशी तीस झाली. तीस लागायचीही होती, कारण क्लबच्या शरद ऋतूतल्या सामन्यात जुन्या लष्करी बंदुकांचा एक गट असे आणि त्यात प्रत्येकाला तीस गोळ्या झाडायच्या असत. थोरली आणि मधली घेऊन आई त्या सामन्यात पूर्वी उतरली होती, एकदा दुसरीही आली होती. पण तिला धाकटी घेऊन उतरायचं होतं. आणि ते याच वर्षी, कारण क्लबची जमीन घरं बांधायला विकली गेली होती, हा शेवटचा सामना. मस्यू आर्मान लव्हालहून बसनं येणार होते, आईच्या शेजारच्या चटईवर झोपून, गुणांत न धरता, तेही आपल्या तसल्याच बंदुकीतून सहा गोळ्या झाडणार होते. त्या सप्टेंबरात आई चालता चालता गुणगुणायची. वॉशिंग मशीनवर कागदाचं लक्ष्य चिकटवून रोज रिकाम्या बंदुकीनं नेम धरायची. बेसमेंटमधून चापाचा टक, टक आवाज वर यायचा.

मग एका संध्याकाळी क्लबचे सेक्रेटरी केन यांचा फोन आला. आईनं तो पीठ लागलेल्या हातानं घेतला आणि ठेवल्यावर बाबांना म्हणाली, "अहो, सामन्याला पेपरवाले येणारेत. शेवटचा सामना म्हणून. केन म्हणतो, फोटोग्राफरला तुझा फोटो हवाय, साडीतला. पडद्यासकट."

"वा," बाबा म्हणाले. "मग ती विजार इस्त्री करू या."

दोघं हसली. माझा घास तोंडातच राहिला. आमच्या शाळेच्या लायब्ररीत तो पेपर रोज यायचा, स्थानिक बातम्यांचं पान बोर्डवर टाचलं जायचं. मला बोर्डावर आई दिसली. पालथी पडलेली, रबरी बूट, मोरपंखी पडदा. मी सतरा वर्षांची होते. हे कारण नाही, पण होते.

आता तिथीचं सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आई हत्यारांची पूजा मांडायची. तिच्या माहेरी त्या दिवशी हातोड्या, चिमटे, फुंकणी, सोन्याचा काटा, सगळं हळदकुंकू लावून पाटावर ठेवत, आणि पूजेला लागलेलं हत्यार त्या दिवशी राबवायचं नाही हा नियम. एका वर्षी लग्नघाईचं गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर बसून रडत होतं तरी आजोबांनी हातोडी उचलली नव्हती, ही गोष्ट आई दरवर्षी सांगायची. इथे पाटावर तिघी बहिणी असायच्या, शेजारी बाबांची स्लाइड रूल आणि माझी कंपासपेटी. आई तशी फार सोवळ्याओवळ्याची नव्हती. उपास मोडायची, सोमवारी कांदा खायची. पण ही एक गोष्ट तिनं कधी सोडली नाही.

पुण्याहून येणाऱ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथीच्या वेळा भारतातल्या. इथे सूर्य उगवतो तेव्हा कुठली तिथी चालू आहे, ते साडेनऊ तास वजा करून काढावं लागे. सण कधीकधी एक दिवस अलीकडे यायचा. हे गणित माझ्याकडे होतं, कारण माझं गणित चांगलं आणि आईला माझ्या गणिताचा फार अभिमान. दहाव्या वर्षापासून घरातली प्रत्येक तिथी मी सांगितलेली.

त्या वर्षी कॅलेंडरात नवमी सोमवारी होती. वजाबाकी करता इथे ती रविवारी येत होती. सामना शनिवारी होता. आई कणीक मळत होती, मी टेबलाशी पेन्सिल घेऊन बसले होते, आणि तिनं विचारलं, "मग, नवमी कधी धरायची गं आपण?"

"शनिवारी," मी म्हणाले.

तिचे हात थांबले. "शनिवारी कशी? दोन दिवस मागे?"

"इथे अष्टमीचा क्षय होतोय या वर्षी. अष्टमी उगवतच नाही. सप्तमीनंतर एकदम नवमी." असा क्षय होतो हे तिला माहीत होतं, मलाही. मी कागदावर आकडेही मांडून दाखवले, आणि त्यात घड्याळ पुढेमागे करण्याचा एक तास असा काही घुसवला की बाबांनीही मान डोलावली. मला वाटलं होतं ती तिथी बाजूला ठेवेल, निदान वाद घालेल, मग मी कदाचित खरं बोलेन. तिनं कणीक झाकून ठेवली.

"क्लबनं तारीख बदलली असती का, अहो?"

"आता कुठे बदलतात," बाबा म्हणाले. "जाऊन ये की तू. देव काही बघायला येत नाही इकडे."

"अप्पांनी हातोडी उचलली नव्हती," आई म्हणाली. एवढंच. केनना तिनं स्वतः फोन केला.

शनिवारी आईनं पूजा मांडली. तिघींना हळदकुंकू, झेंडूच्या ऐवजी अंगणातली पिवळी शेवंती. गोडाचं म्हणून शिरा केला होता. सामन्याच्या वेळेला फोन वाजला, मी धावत जाऊन घेतला. मस्यू आर्मान होते, क्लबवरून.

"इज मादाम सिक?"

"नो. इट्स अ रिलिजस डे. शी कान्ट टच द रायफल."

मग म्हणाले, "आ, बॉन. देन शी इज राइट. टेल हर, आय लीव्ह समथिंग विथ केन." मी रिसीव्हर ठेवला आणि वॉशरूममध्ये जाऊन बसले. रडलेबिडले नाही. सुटले असंच वाटत होतं, आणि असं वाटतंय याचीच किळस येत होती.

दुसऱ्या दिवशी, माझ्या गणितानं दसरा. आई म्हणाली, सीमोल्लंघनाला रेंजवर जाऊ. महिन्याअखेरीस बुलडोझर येणार होते. मला कोणी आग्रह केला नाही, मीच गाडीत बसले. रेंज रिकामी होती, फक्त केन सामन्याचे बोर्ड उतरवत होते. त्यांनी आईच्या हातात एक लोकरी मोजा ठेवला. मस्यू आर्मान यांनी स्वतःची सहाच्या सहा काडतुसं ठेवली होती. तेही आदल्या दिवशी खेळले नव्हते. एकट्यानं काय खेळायचं, असं केनना म्हणाले होते.

आईनं पडदा उभा केला, चटई अंथरली आणि छत्तीस गोळ्या झाडल्या. सावकाश, प्रत्येक गोळीआधी श्वास अर्धा सोडून. बाबा दुर्बिणीतून बघत होते. शेवटचं काडतूस पडद्यावर आपटून खाली पडलं तेव्हा केन स्वतः चालत जाऊन लक्ष्याचा कागद घेऊन आले. फूटपट्टी लावली. दोनदा लावली.

"धिस वुड हॅव वन इट यस्टरडे," ते म्हणाले. "बाय अ माइल."

आई उठून बसली, कोपराला लागलेली माती झटकली. "यस्टरडे वॉज नॉट पॉसिबल, केन," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात मला सामील करून घेतलं होतं तिनं. आपल्या दोघींना कारण ठाऊक आहे, असं. धाकटीला त्यानंतर पुन्हा कधी काडतूस मिळालं नाही. मस्यू आर्मान यांच्याशी आईचा पत्रव्यवहार आणखी दोन वर्षं चालला, मग त्यांच्या भाचीचं पत्र आलं. पेपरात फोटो आला तो कुणा टक्कल पडलेल्या गृहस्थांचा. तो बोर्डावर लागला आणि कुणीही त्याच्याकडे बघितलं नाही.

पुढचं जास्त लाजिरवाणं आहे. आईनं ही हकिकत मराठी मंडळात सगळ्यांना सांगितली. "माझ्या मुलीनं वेळेवर हिशेब केला म्हणून बरं, नाहीतर नवमीला हत्यार चालवलं असतं मी." झालं, माझी कीर्ती झाली. हॅमिल्टनातली कुटुंबं संकष्टीला, सत्यनारायणाला, श्राद्धाला मला फोन करू लागली. पुढे कुणी हॅलिफॅक्सला गेलं तर तिथूनही. "शुभाला विचारा, ती इथली तिथी अचूक काढते." आणि मी खरंच अचूक काढते. चाळीसहून अधिक वर्षं एकही चूक केलेली नाही. त्या एकीची भरपाई म्हणून असेल, मी प्रत्येक वेळा तीनदा तपासते. लोक माझ्या काटेकोरपणाचं कौतुक करतात आणि मी ते ऐकून घेते.

आई आता माझ्याकडेच असते. बाबा गेले. तिघी बहिणी योग्य ते कागद भरून एका म्युझियमला दिल्या. आईच्या डोळ्यांना मधोमध दिसत नाही, कडेकडेनं दिसतं. नेमबाजाला याहून वाईट शिक्षा नाही, पण ती कुरकुर करत नाही. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी ती स्वयंपाकघरात टेबलाशी चाचपत मेथी निवडत होती आणि तन्वीचा फोन आला. तन्वी आमच्या मंडळाची हल्लीची सेक्रेटरी, पुण्याची, सॉफ्टवेअरमधली. मी फोन स्पीकरवर टाकला.

"मावशी, नवमी इथे कधी फॉलो करायची? एका ॲपवर एक डेट आहे, दुसऱ्यावर दुसरीच. आय ॲम सो कन्फ्यूज्ड."

मी सांगायच्या आत आई म्हणाली, "शुभाचं ऐक गं. हिनं मला एकदा मोठ्या पातकातून वाचवलंय."

मी तारीख सांगितली, फोन बंद केला. आणि काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण मी तिच्यासमोरची खुर्ची ओढली आणि सगळं सांगून टाकलं. पेपरवाले, बोर्ड, पडदा, अष्टमीचा खोटा क्षय. ती मेथी निवडत ऐकत होती. मग तिचा हात थांबला.

"म्हणजे शनिवारी काय होतं?"

"अष्टमी."

"आणि रविवारी?"

मी सामना चुकवला एवढंच आजवर स्वतःशी कबूल केलं होतं. रविवारचं मीही कधी मोजलं नव्हतं.

"म्हणजे नवमीला छत्तीस गोळ्या झाडल्या मी," आई म्हणाली. आवाज चढला नाही. मग म्हणाली, "मला सांगायचंस. आई, मला तुझी लाज वाटते, तू जाऊ नकोस. मी गेले नसते गं. चार दिवस रुसले असते, पण गेले नसते. तिथीत कशाला शिरलीस?"

मी माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली, आणि मेथीची पानं पुन्हा खुडू लागली. नंतर ती माझ्याशी वाकडं वागली असं अजिबात नाही. जेवते, आमटीला नावाजते, संध्याकाळी माझा हात धरून कोपऱ्यापर्यंत फिरून येते. पुन्हा तो विषय काढला नाही. पंधरा दिवसांनी तिची एकादशी होती. मी ओट्याशी भाजी परतत होते, कॅलेंडर माझ्या डोक्यामागे भिंतीवर. आईनं फोन डोळ्यांच्या कडेला धरून नंबर शोधला आणि लावला.

"तन्वी, बाळा, एकादशी इथे कधी धरायची ते जरा बघून सांगशील?" मी झारा हातात धरून उभी होते. "थांब हं, लिहून घेते," ती तिकडे म्हणाली, आणि मग माझ्याकडे हात पसरून, नेहमीच्याच आवाजात, "पेन दे गं, शुभे."

मी दिलं.